दह्याचा दोष नव्हता, अक्का

अक्का, तू गेलीस आणि तुझ्या घरात दही लागायचं बंद झालं.

मला ते कळलं तेराव्यानंतर. गारखेड्याला तुझ्या घरी सहज गेलो होतो. तुझा अवी ऑफिसातून यायचा होता, सुनेनं, रोहिणीनं पान वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, वरणभात. शेवटच्या भाताच्या वेळी मी सवयीनं ताटात मधोमध जागा केली आणि वाट बघत बसलो. तुझ्या घरात शेवटचा भात दह्याशिवाय कुणी खाल्ला नाही.

"मामा, दही नाही," रोहिणी म्हणाली.

"संपलं?"

"लावतच नाही आता."

"का गं?"

ती ओट्याकडं वळली. "खायचं कुणी?"

अवीला दह्याशिवाय घास उतरत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. भात कोरडाच खाल्ला. दही का लागत नाही ते मला चांगलं माहीत होतं. ते बंद पाडणारा माणूस तिच्यासमोर बसून जेवत होता.

तेराव्याला काय झालं ते तुला सांगायला हवं. हॉलमध्ये सतरंज्यांवर माणसं दाटीनं बसली होती. वैजापूरहून तुझ्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांचं रडणं खरं होतं, हे आधी सांगतो. दाजी गेल्यावर तुझ्याशी रोज फोनवर बोलणारं माणूस तेच होतं. रडता रडता त्या म्हणाल्या, "चांगली ठणठणीत बाई. खोकला झालेल्या माणसाला कुणी दही घालतं व्हय? ते बी थंडीत. नोकरीवाल्या सुना, दहीभात कालवायचा न् बॅग उचलून निघायचं. छातीत कफ धरणारच की." मग डोळे पुसत माझ्याकडं वळल्या. "डॉक्टरभाऊ, तुम्हीच सांगा. खोटं बोलते का मी?"

रोहिणी चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. घाबरून नव्हे. मामा आता नाही म्हणतील अशी तिला खात्रीच होती.

मी म्हणालो, "थंड टाळलं असतं तर बरं झालं असतं."

एवढंच वाक्य. जाऊबाईंनी मान हलवली, बाकीच्यांनी हलवली, रोहिणी कप घेऊन आत गेली. दुपारपर्यंत ते वाक्य वैजापूरला पोहोचलं आणि पोहोचता पोहोचता वाढलं. डॉक्टर स्वतः म्हणाले, सुनेनं दही दिलं म्हणून गेली.

म्हणून हे लिहितोय, आणि छापायला देतोय. जे वाक्य सगळ्यांनी ऐकलं ते फक्त रोहिणीच्या कानात दुरुस्त करून भागणार नाही.

तू आता विचारशील, मी तसं म्हणालोच का. सांगतो. दह्यानं नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? आणि त्याचं एक संभाव्य उत्तर माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं.

पण त्याआधी आपलं जुनं भांडण. मी डॉक्टर आणि तू शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. तरी प्रश्न विचारायचं काम जन्मभर तुझ्याकडंच राहिलं आणि उत्तर देऊन मोकळं व्हायचं माझ्याकडं. लहानपणी गावी तू मला चुलीपाशी बसवून तीन वाट्या मांडायचीस. एकीत उकळतं दूध, एकीत कोमट, एकीत माठाशेजारी ठेवून गार केलेलं. तिन्हींत आईच्या दह्याचं तेवढंच विरजण. सकाळी उठवायचीस, "बापू, चल, बघ. मेलं कोण, जगलं कोण, झोपलं कोण?" उकळत्यातलं मेलं, कोमटातलं जगलं, गारातलं झोपलं. पुढं हाच खेळ तू वर्षानुवर्षं वर्गात केलास, माठाच्या जागी फ्रिज आला एवढंच. तुझे विद्यार्थी अजून मला रस्त्यात थांबवतात. कुणी गॅरेज चालवतो, कुणी वकील आहे. बाईंचं नाव काढलं की दही निघतंच. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत असतं आणि त्याला आपल्यासारखंच ऊन-थंडी कळते, हे त्यांना वाटीतून कळलं. मला मेडिकल कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून कळलं, आणि खरं सांगायचं तर तिथं मी फक्त त्यांना मारायचं शिकलो.

मग कोविडचं वर्ष आलं. तू घरात कोंडलेली आणि मी दवाखान्यात अंगभर प्लास्टिक घालून. रोज संध्याकाळी फोन. मी जिवंत आहे का ते बघायला तू फोन करायचीस, पण विचारायचीस भलतंच.

"बापू, हा आजार फुप्फुसाचा ना?"

"हो."

"मग समोरच्या कुलकर्ण्यांना आधी जुलाब का झाले?"

"अगं, व्हायरस आहे. काहीही करतो."

"काहीही करतो हे उत्तर माझ्या सातवीच्या पोरानं दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं."

"अक्का, बाहेर पेशंट उभे आहेत."

"उभे राहू दे. पोट न् फुप्फुस, दोघांची ओळख आहे का नाही, एवढं सांग."

मी फोन ठेवला होता. नंतरही तू तो प्रश्न सोडला नाहीस. भाऊबीजेला ओवाळताना, नळाला पाणी यायच्या वारी टाकी भरताना, पैठणच्या एसटीत माझ्या कानाशी. "विचारलंस का कुणाला?" मी म्हणायचो, "पोटाचा डॉक्टर वेगळा, छातीचा वेगळा. दोघांचे दवाखानेसुद्धा शहराच्या दोन टोकांना आहेत." तू म्हणायचीस, "शरीराला ठाऊक आहे का ते?" मला हसू यायचं. तुला म्हातारचळ लागलाय असंही मी एकदा रोहिणीला म्हणालो होतो. तेही आज सांगून टाकतो.

या हिवाळ्यात पैठणला लग्न होतं. तू तिथून सर्दी घेऊन आलीस. घसा खवखवत होता, नाक वाहत होतं, अंगात ताप नव्हता. मी संध्याकाळी दवाखाना बंद करून तुझ्याकडं आलो आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

आपल्या घरातल्या माणसांना मी कधी चिठ्ठी लिहून दिली नाही. कंपन्यांची माणसं सॅम्पल म्हणून पट्ट्या ठेवून जातात, त्या ड्रॉवरमध्ये साठतात, त्यातली एक उचलायची आणि खिशात टाकायची. पेशंटला निदान मी आडवं झोपवतो, छातीला नळी लावतो. घरच्यांना चहा पिता पिता पट्टी देतो. त्याला मी माया समजत होतो. डॉक्टरांच्या बऱ्याच घरांत हे असंच चालतं.

तू पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी केलीस. चष्मा कपाळावरून खाली आणलास.

"हे अँटिबायोटिक आहे."

"हो. सकाळ-संध्याकाळ."

"मला झालंय ते व्हायरल आहे का नाही?"

"व्हायरलच आहे."

"मग व्हायरसला ही गोळी लागत नाय, हे मी पोरांना पंचवीस वर्षं शिकवलं ते चूक का?"

"चूक नाही. पुढं छातीत काही वाढू नये म्हणून. सेफ्टी."

"कुणाची सेफ्टी?"

"अक्का, डॉक्टर तू का मी?"

मी हे वाक्य वापरलं की तू नेहमीच गप्प व्हायचीस, आणि मी ते अगदी गरजेच्या वेळी वापरायचो. 'कुणाची सेफ्टी' हा प्रश्न मात्र नेमका होता. सर्दीच्या पेशंटला अशी गोळी देताना मी त्याच्यासाठी कमी आणि माझ्या झोपेसाठी जास्त देतो. उद्या काही बिघडलं तर मी काही दिलंच नाही असं कुणी म्हणू नये. तू गोळ्या घेतल्यास. खोकला रेंगाळला तेव्हा मी दुसरी पट्टी आणली, जरा जास्त जोराची. तीही घेतलीस. एकही गोळी चुकवली नाहीस.

तुझं पोट बिघडलं. तोंडाची चव गेली. अन्न नको झालं. मी रोहिणीला बजावलं, दही नको, ताक नको, केळं नको, खोकला आहे. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं? कुठल्याच नाही. हे मला आईनं शिकवलं, आईला आजीनं. डॉक्टर झाल्यावर मी ते तपासून न बघता फक्त त्याला पांढरा कोट घातला. आणि तू रोहिणीला म्हणालीस, "बापूला सांगू नको. दोन घास दहीभात दे गं, दुसरं काही जात नाय." तुझं खरं होतं. तेवढंच जात होतं. तिनं दिलं. नोकरीवर जायच्या आधी समोर बसून भरवलं. जाऊबाईंनी जे 'बॅग उचलून निघायचं' म्हटलं, ते असं होतं.

तू जरा सावरलीस. पुन्हा गच्चीवर जाऊन बसायला लागलीस. आणि मग तो दुसरा ताप आला, खरा. अंग मोडणारा, एका दिवसात धाप लावणारा. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासणीत फ्लू निघाला. तिथल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुझं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं आठवतंय? तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू तो बोटानं वर उचललास. मला वाटलं काही निरवानिरव सांगतेयस. तू डोळ्यांनी पलीकडच्या खाटेकडं खूण केलीस.

"त्या बाईला पण हाच व्हायरस?"

"हो."

"माझ्यापेक्षा मोठी आहे ती. शुगर पण आहे तिला. सून सांगत होती."

"असेल. मास्क लाव."

"मग ती बसून इडली खातेय, न् मी ही अशी. का?"

"अक्का, मास्क लाव आधी."

तू मास्क लावलास, पण नजर माझ्यावर ठेवलीस, वर्गात उत्तराची वाट बघायचीस तशी. मी चादर नीट केली. त्यानंतर तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली नाही.

तो प्रश्न मात्र राहिला. एकच व्हायरस, दोन म्हाताऱ्या, एक इडली खाते आणि एक जाते. 'नशीब' म्हटलं असतं तर तू बाकावर उभं केलं असतंस. म्हणून तुझ्यामागं मी वाचायला बसलो. दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा. डोळे साथ देत नाहीत, कॉम्प्युटरवर अक्षर मोठं करून वाचतो. निम्मं कळत नाही. आमच्या शिक्षणानंतर शास्त्र फार पुढं गेलंय आणि मी जागेवर बसून नाडी बघत राहिलो. पण जे कळलं ते तुला सांगतो. मध्येच बोल, तू बोलतेसच.

पोट आणि फुप्फुसाची ओळख आहे, अक्का. चांगली जुनी ओळख आहे.

उंदरांवर काम झालंय. काही उंदरांच्या आतड्यात एक जंतू असतो, धाग्यासारखा लांबट, आतड्याच्या भिंतीला चिकटून राहणारा. काहींच्यात तो नसतो. बाकी उंदीर सारखे. दोघांना फ्लूचा व्हायरस दिला. ज्यांच्या पोटात तो धागा होता ते फार आजारी पडले नाहीत. ज्यांच्यात नव्हता त्यांचे हाल झाले. एकच व्हायरस. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती इडली आली.

"मग तो धागा फुप्फुसात जाऊन लढतो का?" असं तू विचारणार. मीही तेच समजलो होतो. नाही. तो आतड्यातच राहतो, वर पाऊलही ठेवत नाही. फुप्फुसाच्या टोकाशी हवेचे बारीक फुगे असतात, तू फळ्यावर द्राक्षाचा घड काढायचीस ते. त्या फुग्यांत गस्त घालणाऱ्या पेशी असतात. आलं-गेलं गिळून टाकणं हे त्यांचं काम. धागा नसलेल्या उंदरांत व्हायरस आला की या पहारेकऱ्यांचीच आधी वाताहत होते आणि मग दार उघडं पडतं. धागा असलेल्यांत ते टिकून राहतात आणि व्हायरसला निकामी करतात. पुढची गोष्ट तर तुला फार आवडली असती. असे तयार झालेले पहारेकरी काढून दुसऱ्या, धागा नसलेल्या उंदरांत सोडले, तर त्या उंदरांनाही संरक्षण मिळालं.

"निरोप कोण नेतो पण? आतड्यातून फुप्फुसात?"

ते अजून पुरतं कळलेलं नाही. आतड्यातले जंतू अन्नातल्या चोथ्यापासून काही पदार्थ बनवतात, ते रक्तातून फिरतात. काही पेशी फिरतात. एकच वाट आहे का अनेक, यावर जाणकारांचंच एकमत नाही. एवढ्या वयात मला एखादी गोष्ट 'माहीत नाही' असं वाचून आनंद झाला, हे तुला ऐकायला आवडेल.

"माणसाच्या पोटात असतो का तो धागा?"

त्याबद्दलही खात्रीनं सांगता येत नाही. त्याच्यासारखे, त्याचं काम करणारे दुसरे असू शकतील. आपल्या पोटात किती जाती राहतात आणि त्यातलं कोण काय करतं याचा हिशेब अजून लागलेला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला पानोपानी स्वतःला सांगावं लागतं.

आणि आता ते, ज्यासाठी मी एवढा वळसा घेतला. आधी अँटिबायोटिक देऊन उंदरांच्या पोटातली वस्ती उठवली आणि मग फ्लू दिला, तर ते उंदीर जास्त आजारी पडतात. हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

ते वाचलं आणि मी कॉम्प्युटर बंद केला. उठून ड्रॉवर उघडला. त्यात पट्ट्या होत्या, रंगीत, चकचकीत, नीट रचलेल्या. मला तुझ्या तीन वाट्या दिसल्या. माझ्या दोन पट्ट्यांनी तुझ्या पोटात मेलं कोण, जगलं कोण, झोपलं कोण?

मला माहीत नाही, अक्का. तू तशीही गेली असतीस कदाचित. तुझं वय होतं, फ्लू जोराचा होता, यंदा लस घ्यायची राहिली होती. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, हे तूच शिकवायचीस. मी तुला मारलं असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही आणि मी मारलं नाही असं म्हणायलाही नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मला उरलेलं आयुष्य काढायचंय. पण त्या सर्दीला ती गोळी लागत नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि दह्यानं तुझ्या छातीत कफ धरला नाही, दह्यानं तुला फ्लू झाला नाही, दह्यानं तू गेली नाहीस, हे मला तेराव्यालाही ठाऊक होतं.

तुझ्या महिन्याच्या दिवशी मी गारखेड्याला गेलो. तीच सतरंजी, जवळपास तीच माणसं. जेवणं झाली होती. जाऊबाई सुपारी कातरत होत्या. मी उभा राहिलो, मग उभं राहून बोलणं भाषणासारखं वाटेल म्हणून पुन्हा बसलो.

"तेराव्याला मी एक बोललो होतो," मी म्हणालो, "ते खोटं होतं. दह्यानं काही झालं नाही. अक्काला साध्या सर्दीला मी दोनदा अँटिबायोटिक दिलं, गरज नसताना. तिचं पोट त्यानं बिघडलं. रोहिणीनं दहीभात दिला म्हणून ती चार दिवस जेवली तरी."

जाऊबाईंचा अडकित्ता थांबला.

"म्हंजे तुमच्याच गोळीनं गेली म्हणा की, डॉक्टरभाऊ."

"तसंही म्हणता येत नाही."

"मग काय म्हणता येतं? एवढं शिकून काय म्हणता येतं तुम्हाला?"

"गोळी द्यायला नको होती, एवढं. आणि तुम्ही विचारलं तेव्हा रोहिणीचं नाव खराब होऊ द्यायला नको होतं."

अवी म्हणाला, "जाऊ द्या मामा. तुम्ही चांगल्यासाठीच दिली."

दारात उभी असलेली रोहिणी म्हणाली, "चांगल्यासाठी मी पण दिलं होतं."

ती आत वळली, मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. वाटलं होतं ती रडेल, मी काहीतरी म्हणेन, ओझं उतरेल. ती भांडी घासायला लागली होती, पाण्याचा वार होता.

"पंधरा दिवस होऊन गेले, मामा," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "माझ्या आईनं फोनवर विचारलं मला, खरंच दिलं होतंस का गं दही? माझ्या आईनं. तेराव्याला बोलायचं होतं हे."

"व्हय," मी म्हणालो.

"विरजण मी त्याच रात्री मोरीत ओतलं. आईंचं. इतक्या वर्षांचं."

तिनं नळ मोठा सोडला. मी घरी आलो.

ते विरजण तू लग्न होऊन येताना गावाहून आणलं होतंस, आईच्या दह्याचं, घट्ट झाकणाच्या डब्यात. दाजी चेष्टा करायचे, सगळ्यांच्या बायकांनी माहेराहून दागिने आणले, हिनं जंतू आणले. आता ते गेलं असं धरून मी दोन दिवस बसलो. मग आठवलं. एका उन्हाळ्यात तुम्ही सगळे गावाला गेलात, लाईट गेली, फ्रिजमधलं सगळं नासलं. तेव्हा तू कुठून विरजण परत आणलं होतंस? मागच्या गल्लीतल्या नसीमभाभींकडून. त्यांना तूच दिलं होतंस, त्यांचा मुलगा तुझ्या वर्गात होता तेव्हा.

मी त्यांच्या दारात गेलो. भाभी आता वाकल्यात, ऐकायला कमी येतं. मी दोनदा सांगितलं.

"जामन? टीचर का जामन?" त्या हसल्या. "हौ, है ना. हमारे यहाँ कब्बी बंद नई पड़ा, डॉक्टर साब. रमजान में तो रोज लगता." आत जाऊन वाटी भरून आणली, वर बशी झाकली. "कटोरी वापस भेजना. खाली नक्को भेजना."

वाटी दोन्ही हातांत धरून मी गल्ली ओलांडली. मध्येच एक प्रश्न पडला आणि मी थांबलो. हे तेच विरजण आहे का? आईच्या चुलीपासचं? इतकी वर्षं भाभींच्या दुधात, भाभींच्या भांड्यात, रोज नवीन. त्यातले ते पहिले जंतू कधीच गेले, त्यांच्या पिढ्यांच्या पिढ्या गेल्या. मध्ये दुसरे कुणी येऊन वस्ती करून बसले असतील. मग 'तुझं' काय राहिलं? मी रस्त्यात उभा राहून याचा विचार करत होतो आणि एक रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, "ओ काका, दही घेऊन ध्यान करता का?" तू असतीस तर त्याला थांबवून त्याचं मत विचारलं असतंस.

रोहिणीनं दार उघडलं. वाटीकडं पाहिलं.

"नसीमभाभींकडं होतं," मी म्हणालो. "अक्काचंच. म्हणजे, बहुतेक."

तिनं वाटी घेतली नाही. आत जाऊन दूध गॅसवर ठेवलं, कोमट झाल्यावर पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीच लावा."

जन्मात मी दही लावलेलं नव्हतं. करंगळी बुडवली. तुझं माप आठवलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं. चमचाभर विरजण घातलं, ढवळलं.

"झाकण ठेवा आणि आता हलवू नका," रोहिणी म्हणाली. "आई हलवू द्यायच्या नाहीत."

"का गं? हलवल्यानं काय होतं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. मग चमचा धुता धुता, "विचारायचं राहिलं."

ही क्षमा होती का, मला ठाऊक नाही. मी तसं विचारलं नाही. ड्रॉवरचं सांगतो. पट्ट्या मी दवाखान्यातून काढून टाकल्यात, आणि सर्दीच्या पेशंटला आता समजावून सांगतो. वेळ लागतो. काहीजण पुढच्या डॉक्टरकडं जातात. जाऊ देत.

गेल्या आठवड्यात जाऊबाई डोळे दाखवायला शहरात आल्या होत्या, तुझ्याच घरी उतरल्या. अवीनं मलाही जेवायला बोलावलं. मला आठ-दहा दिवस कोरडा खोकला आहे, हवेचा असेल. मी दारातून आत आलो तोच खोकत. जाऊबाई म्हणाल्या, "काय डॉक्टर, तुम्हालाच गोळी नाय सापडली का?" मी म्हणालो, "लागत नाही या खोकल्याला." त्या हसल्या नाहीत, पण सरकून बसायला जागा दिली.

जेवणं सुरू झाली. रोहिणीनं भाकरी वाढली, भाजी वाढली, वरणभात वाढला. मग ती दह्याचं पातेलं घेऊन आली. अवीला वाढलं. जाऊबाईंनी ताटावर आडवा हात धरला. ती माझ्यापाशी आली आणि थांबली. चमचा दह्यात होता, पण वर येईना. सगळे बघत होते.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला खोकला आहे."

दह्यानं खोकला बरा होतो असं नाही, अक्का. दह्यातले जंतू हे पाहुणे, पोटातल्या घरच्यांची जागा ते घेत नाहीत, तो धागा तर त्यांच्यात मुळीच नाही. हे सगळं त्यांना समजावून सांगता आलं असतं. मी ताटात भाताच्या मधोमध जागा केली.

"व्हय, आहे," मी म्हणालो. "वाढ."